दालग्लिश की जेरार्ड, बारेसी की माल्दिनी: तुमची पत्रं, माझे निकाल

मागच्या अंकात विचारलं होतं की तुमच्या क्लबचा आजवरचा सर्वांत मोठा माजी खेळाडू कोण, आणि का. ‘माजी’ ही अट मुद्दाम घातली होती, कारण जो अजून खेळतोय त्याच्याबद्दल माणसं दर सामन्याला मत बदलतात. पत्रं भरपूर आली. त्यांत उत्तरं कमी आणि भांडणं जास्त निघाली, ते बरंच झालं. एक आधीच सांगून ठेवते. मी कॉलेजात लेफ्ट बॅक खेळायचे. गोल करणाऱ्यांवर माझा राग नाही, पण टाळ्या कुणाच्या वाट्याला येतात आणि दम कुणाचा निघतो हे जवळून पाहिलंय. तेव्हा माझा काटा थोडा मागच्या फळीकडे झुकलेला असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

ताई, आम्ही दोघं भाऊ, दोघंही लिव्हरपूलचे. दादा म्हणतो केनी दालग्लिश, मी म्हणतो स्टीव्हन जेरार्ड. दादानं दालग्लिशला खेळताना धड पाहिलेलंही नाही, बाबांचं ऐकून बोलतो. एकदाचा निकाल द्या.

निकाल दादाच्या बाजूनं देते, पण त्याच्या कारणांसाठी देत नाही.

आधी तुझं म्हणणं. जेरार्ड लिव्हरपूलकडून 710 सामने खेळला, 186 गोल केले आणि 2003 पासून 2015 ला क्लब सोडेपर्यंत कर्णधार राहिला. 2005 ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीगची (म्हणजे पूर्वीच्या युरोपियन कपची) फायनल सगळ्यांना पाठ आहे: मध्यंतराला मिलान 3-0 पुढे, 54व्या मिनिटाला जेरार्डचं हेडर, आणि तिथून सहा मिनिटांत बरोबरी. मला मात्र त्या रात्रीचा दुसराच तुकडा आवडतो. मिलाननं सेर्जिन्योला उतरवलं आणि तो डाव्या बाजूनं सुसाट सुटायला लागला. त्याला आवरायला जेरार्डला राइट बॅकला धाडलं. अतिरिक्त वेळ चालू, पायातलं त्राण गेलेलं, आणि हा कर्णधार तिथे कडेला सेर्जिन्योच्या मागे धावतोय. गोल करणाऱ्याला असं मागे येऊन राबताना पाहिलं की माझ्यासारखीला भरून येतं. पुढच्या वर्षी एफए कपच्या फायनलमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध दोन गोल. त्यातला दुसरा इंज्युरी टाइममध्ये, गोलपासून तीस यार्डांहूनही लांबून. इंग्लंडमध्ये त्या सामन्याला आजही ‘जेरार्ड फायनल’ म्हणतात.

आता दादाचं. 1977 मध्ये लिव्हरपूलनं पहिला युरोपियन कप जिंकला आणि केविन कीगन लगेच हॅम्बर्गला निघून गेला. त्याची 7 नंबरची जर्सी सेल्टिककडून आणलेल्या दालग्लिशला मिळाली. किंमत 4 लाख 40 हजार पौंड, ब्रिटिश क्लबांमधला तेव्हाचा विक्रमी सौदा. पहिल्याच हंगामात वेम्ब्लीवर क्लब ब्रुजविरुद्धच्या युरोपियन कप फायनलचा एकमेव गोल त्याचा. गोलकीपर पुढे येऊन आडवा पडेपर्यंत तो थांबला आणि मग चेंडू अलगद त्याच्या अंगावरून टाकला. पुढे 515 सामने, 172 गोल, तीन युरोपियन कप आणि खेळाडू म्हणून सहा लीग विजेतेपदं. 1985 पासून तो खेळाडूही होता आणि मॅनेजरही. 1986 मध्ये लीगच्या शेवटच्या सामन्यात चेल्सीविरुद्ध ज्या गोलनं विजेतेपद पक्कं झालं, तोही त्यानंच केला.

जेरार्डला लीग एकदाही मिळाली नाही हे दादा तुला ऐकवत असणार. हा मुद्दा मला लंगडा वाटतो. दालग्लिशच्या अवतीभवती हॅन्सन, सूनेस, रश होते; जेरार्डला अशी फळी सलग कधी मिळाली नाही. कप एखादा माणूस एकट्याच्या जिवावर खेचून आणू शकतो, जेरार्डनं तो आणून दाखवला. लीग तशी येत नाही.

मग दालग्लिश का? 1989 मध्ये हिल्सबरोच्या दुर्घटनेत लिव्हरपूलच्या 97 चाहत्यांचा जीव गेला. तेव्हा दालग्लिश अडतीस वर्षांचा होता आणि क्लबचा मॅनेजर होता. तो घरोघरच्या अंत्यसंस्कारांना जात राहिला, एका दिवशी तर चार ठिकाणी. 1991 च्या फेब्रुवारीत त्यानं राजीनामा दिला, माणूस पार पिळून निघाला होता. हे मैदानावरचं नव्हे, असं तू म्हणशील. कबूल. पण मी ‘सर्वांत चांगला मिडफिल्डर कोण’ असं विचारलंच नव्हतं. क्लबचा सर्वांत मोठा कोण, हे विचारलं होतं, आणि त्या हिशेबात मी हे धरते.

जाता जाता एक गंमत, दादाला वाचून दाखव. लिव्हरपूलच्या अधिकृत संकेतस्थळानं 2006 मध्ये चाहत्यांच्या मतांवरून शंभर खेळाडूंची यादी केली, तेव्हा दालग्लिश पहिला आणि जेरार्ड दुसरा आला. 2013 मध्ये पुन्हा मतं घेतली तर जेरार्ड पहिला, दालग्लिश दुसरा. मधल्या सात वर्षांत जेरार्डच्या हाती लागलेला मोठा करंडक म्हणजे 2012 चा लीग कप, बस. दालग्लिशचे जुने गोल काही पुसले गेले नव्हते. मत देणारी माणसं बदलली होती.

माझे वडील मँचेस्टर युनायटेडचे भक्त. सर्वांत मोठा कोण म्हटलं की ते डंकन एडवर्ड्सचं नाव घेतात. त्यांनी त्याचा एकही सामना पाहिलेला नाही, मी तर नाहीच नाही. न पाहिलेल्या खेळाडूला मोजायचं कसं?

ज्यांनी पाहिलं त्यांच्या शब्दावर, आणि त्या वेळच्या संघनिवडीवर. एडवर्ड्स सोळाव्या वर्षी युनायटेडच्या पहिल्या संघात आला. इंग्लंडकडून 18 सामने खेळला, 1956 आणि 1957 ची लीग जिंकली. 6 फेब्रुवारी 1958 ला म्युनिकला युनायटेडच्या संघाचं विमान कोसळलं. एडवर्ड्स रुग्णालयात पंधरा दिवस झुंजला आणि गेला. वय एकवीस. युनायटेडकडून 177 सामने. एकविसाव्या वर्षी इतके सामने आणि इतक्या वेळा देशाची जर्सी, ही निवड करणारे काही स्वप्नाळू लोक नव्हते. इंग्लंडमधला त्याचा शेवटचा सामना आर्सेनलविरुद्धचा, 5-4 असा जिंकलेला, आणि त्यातही त्याचा गोल आहे.

तरी वडिलांशी मी सहमत नाही. एडवर्ड्सबद्दल बोलताना आपण अर्धं त्याच्याबद्दल आणि अर्धं तो पुढे काय झाला असता याबद्दल बोलतो. त्याच विमानात बॉबी चार्ल्टन होता. तो वाचला, पुन्हा उभा राहिला, दहा वर्षांनी वेम्ब्लीवर बेनफिकाविरुद्ध युरोपियन कप फायनलमध्ये दोन गोल केले. 758 सामने, 249 गोल. सामन्यांचा विक्रम पुढे गिग्जनं मोडला, गोलांचा रूनीनं. माझ्या लेखी युनायटेडचा पहिला मान चार्ल्टनचा. वडिलांना हे सांगा, पण जरा सांभाळून.

न पाहिलेल्यांमध्ये मला एडवर्ड्सपेक्षा जास्त हळहळ वाटते ती लिव्हरपूलच्या बिली लिडेलची. एडवर्ड्सचं नाव निदान म्युनिकमुळे तरी सगळ्यांना ठाऊक आहे. लिडेल स्कॉटिश होता, हिशेबनिसाची नोकरी सांभाळून फुटबॉल खेळायचा. ऐन उमेदीची वर्षं दुसऱ्या महायुद्धानं गिळली. तरीही 534 सामने आणि 228 गोल. 1954 मध्ये क्लब दुसऱ्या विभागात घसरला, हा जागचा हलला नाही. लोक क्लबलाच ‘लिडेलपूल’ म्हणायचे. 1961 मध्ये तो निवृत्त झाला. बीबीसीचा ‘मॅच ऑफ द डे’ हा कार्यक्रम सुरू झाला ऑगस्ट 1964 मध्ये, आणि त्यात दाखवलेला पहिलाच सामना होता अ‍ॅनफिल्डवरचा, लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल. तीन वर्षांनी हुकलं. पुढच्या सगळ्या वादांमध्ये लिडेलच्या बाजूनं दाखवायला चित्रफीत नाही, म्हणून तो यादीत खाली खाली सरकत जातो.

कँटोना युनायटेडमध्ये जेमतेम पाच हंगाम होता. तरी माझे मित्र त्याला चार्ल्टन, जॉर्ज बेस्टच्या वर बसवतात. हे डोकं ठिकाणावर असल्याचं लक्षण आहे का?

आहे. पटत नसलं तरी आहे.

कँटोना नोव्हेंबर 1992 मध्ये लीड्सकडून अवघ्या 12 लाख पौंडांत आला. त्याआधी युनायटेडनं लीग जिंकली होती ती 1967 मध्ये. तो आला आणि 1993, 1994, 1996, 1997 अशा चार लीग आल्या. मधलं 1995 राहिलं, कारण त्या जानेवारीत सेलहर्स्ट पार्कवर त्यानं एका प्रेक्षकाला उडी मारून लाथ घातली, बंदी ओढवून घेतली, आणि युनायटेडची लीग एका गुणानं हुकली. तो नसताना काय होतं याचा पुरावा त्यानं स्वतःच असा देऊन ठेवला. वागणं भयंकर, पण पुरावा चोख. 1996 मध्ये न्यूकॅसल बारा गुणांनी पुढे होतं. मार्चमध्ये त्यांच्याच मैदानावर कँटोनाच्या गोलनं 1-0, आणि पुढेही तशाच एकेका गोलानं सामने काढत लीग खेचली. मग वयाची एकतीस पुरी व्हायच्या आत, कुणाला काही कळायच्या आत, बूट काढून ठेवले.

2001 मध्ये युनायटेडच्या मासिकाच्या वाचकांनी त्यालाच क्लबचा शतकातला खेळाडू ठरवलं होतं, तेव्हा तुमचे मित्र काही एकटे नाहीत. मी त्याला तिसरा ठेवीन, चार्ल्टन आणि बेस्टनंतर. युरोपमध्ये त्याच्या हाती काही लागलं नाही, आणि ज्या क्लबनं 1968 पाहिलंय तिथे हे वजा होणारच.

मिलानचा प्रश्न. माल्दिनी की बारेसी? तुम्ही स्वतः बॅक होता म्हणून तुम्हालाच विचारतो. आणि माल्दिनीच्या निरोपाच्या सामन्यात त्याच्याच लोकांनी हुर्यो का उडवली?

अहो, हे पत्र वाचून मी खुर्ची पुढे ओढून बसले.

बॅक म्हणजे घराचं जोतं. पाहुणा येतो तो झुंबर बघून जातो. इतर क्लबांच्या पत्रांत बॅकचं नाव शोधावं लागतं. मिलानमध्ये भांडणच दोन बॅकमध्ये आहे, आणि तेही अशा क्लबमध्ये जिथे नॉर्डालनं 268 सामन्यांत 221 गोल केले आणि व्हॅन बास्टननं तीनदा बॅलन डिऑर घेतला.

माल्दिनीची बाजू आकड्यांत मांडायला सोपी. जानेवारी 1985 मध्ये उदिनेसेविरुद्ध सोळाव्या वर्षी पदार्पण, 2009 मध्ये निरोप, मध्ये 902 सामने. सात लीग, पाच युरोपियन कप, आणि युरोपियन कपच्या तब्बल आठ फायनल. मूळचा उजव्या पायाचा असून आयुष्य डाव्या बाजूला काढलं, हे ज्याला डाव्या बाजूला उभं राहावं लागलंय त्यालाच कळेल काय आहे ते. 1963 मध्ये वेम्ब्लीवर कर्णधार म्हणून मिलानचा पहिला युरोपियन कप उचलला तो वडिलांनी, चेझारे माल्दिनीनं. 2003 मध्ये मँचेस्टरला तोच कप कर्णधार पाओलोनं उचलला. इस्तंबूलच्या त्या फायनलमध्ये पहिल्याच मिनिटाला गोल करणाराही हाच, जेरार्डच्या हेडरच्या कितीतरी आधी. माल्दिनीवाल्यांचा हुकमाचा पत्ता मात्र 1994 ची फायनल आहे. बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघंही निलंबित, समोर मॅनेजर क्रायफची बार्सिलोना, रोमारियो आणि स्टॉइचकोव्ह. माल्दिनी मधे सरकला, शेजारी फिलिप्पो गाल्ली. मिलान 4-0.

आता बारेसी. अंगानं लहान म्हणून इंटरनं त्याला नाकारलं. त्याच्या भावाला, ज्युसेप्पेला, घेतलं. फ्रँको मिलानला आला आणि 1978 ते 1997 तिथेच राहिला, 719 सामने. लोक त्याचं मॅनेजर साकीच्या काळातलं वैभव आठवतात, मला त्याआधीचं आठवावंसं वाटतं. 1980 मध्ये सट्टा प्रकरणात मिलानला शिक्षा म्हणून सेरी बीमध्ये, म्हणजे दुसऱ्या विभागात ढकललं. वर आले, आणि 1982 मध्ये स्वतःच्या खेळानं पुन्हा खाली गेले. अशा वेळी चांगला खेळाडू काय करतो? दुसरा क्लब बघतो. बारेसी राहिला, दोन्ही वेळा. बाविसाव्या वर्षी कर्णधार झाला, तेही दुसऱ्या विभागातल्या क्लबचा.

मग 1987 मध्ये साकी आला आणि ती प्रसिद्ध चौघांची ओळ तयार झाली. ऑफसाइडच्या सापळ्यात सगळे एका क्षणी पुढे सरकायला हवेत; एकाचा पाय अर्धा सेकंद अडखळला तर समोरचा स्ट्रायकर एकटाच गोलकीपरपुढे. ती वेळ कोण ठरवणार? बारेसीचा हात वर गेला की ओळ हलायची. त्या काळच्या कुठल्याही सामन्याची चित्रफीत मिळाली तर चेंडू बघू नका, फक्त 6 नंबर बघा. चेंडू लांब असतानाही तो सारखा मान वळवून ओळ तपासत असतो. 1993-94 मध्ये या संघानं लीगच्या 34 सामन्यांत केले फक्त 36 गोल, आणि खाल्ले 15. सामन्याला जेमतेम एक गोल करून विजेतेपद! मागची माणसं तशी असली की पुढच्यांना तेवढं पुरतं.

आता हुर्योचं. 24 मे 2009, सॅन सिरोवरचा माल्दिनीचा शेवटचा सामना, रोमाविरुद्ध. एका टोकाच्या कट्टर चाहत्यांनी बारेसीच्या 6 नंबरच्या जर्सीचं भलंमोठं चित्र फडकवलं आणि कर्णधार एकच, बारेसी, अशा घोषणा दिल्या. त्या गटांशी माल्दिनीनं कधी सलगी केली नव्हती, आणि 2005 च्या पराभवानंतर तर दोघांत खटकेही उडाले होते. त्याचा राग त्यांनी त्या दिवशी काढला. आठवड्यानं फ्लॉरेन्सला, परक्या मैदानावर, फिओरेंटिनाच्या लोकांनी उभं राहून माल्दिनीला टाळ्या दिल्या. मी बारेसीवाली आहे, पण असल्या घोषणा देणाऱ्यांच्या रांगेत मला उभं करू नका.

म्हणजे निकाल असा: फुटबॉलनं पाहिलेला सर्वांत चांगला लेफ्ट बॅक माल्दिनी. मिलानचा सर्वांत मोठा खेळाडू बारेसी. क्लबनं 6 आणि 3 दोन्ही नंबर निवृत्त केले. 3 नंबरला सवलत एवढीच की माल्दिनीच्या मुलांपैकी कुणी संघात आला तर त्याला तो घालता येईल.

नापोलीचा सर्वाधिक गोल करणारा मर्टेन्स, सर्वाधिक सामने खेळणारा हामशिक. आकडे समोर असताना मॅराडोनाचंच नाव का?

मर्टेन्स 148, हामशिक 121, मॅराडोना 115. बरोबर आहे. आता दुसरे आकडे घ्या. मॅराडोना 1984 मध्ये आला तोवर नापोलीनं लीग एकदाही जिंकली नव्हती. 1987 मध्ये पहिली, 1990 मध्ये दुसरी, मधे 1989 चा युएफा कप. तो गेल्यावर तिसरी लीग यायला 2023 उजाडलं.

शिवाय तेव्हाचा गोल आणि आताचा गोल एका मापानं मोजू नका. 1987-88 मध्ये सेरी आचा, म्हणजे इटलीच्या पहिल्या विभागाचा, सर्वाधिक गोल करणारा मॅराडोनाच होता, आणि त्याचे गोल होते 15. लीग तेव्हा सोळा संघांची, तीस सामन्यांची. आपल्याच बॅकनं मागे दिलेला चेंडू गोलकीपर हातात घेऊन वेळ काढू शकायचा. तो नियम 1992 मध्ये बदलला. आणि टॅकल कसले व्हायचे! आज त्यातले निम्मे लाल कार्डावर संपतील. बॅक म्हणून हे लिहिताना मला थोडी लाज वाटते, पण खरं आहे ते.

बार्सिलोनाबद्दल वादच कशाला? 778 सामने, 672 गोल. मेस्सी. विषय संपला.

संपला, मान्य. पण क्लब सोडून गेलेल्यांच्या यादीत मेस्सी बसला तो 2021 मध्ये. त्याआधीचं भांडण जास्त रंगतदार होतं.

1999 मध्ये क्लबला शंभर वर्षं झाली. चाहत्यांना विचारलं, आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? क्रायफ होता, मॅराडोना दोन हंगाम खेळून गेला होता, रोमारियो, स्टॉइचकोव्ह नुकतेच होऊन गेले होते. लोकांनी निवडलं लाझ्लो कुबालाला. हंगेरीतून पळून आलेला हा माणूस 1951 पासून बार्सिलोनाकडून खेळायला लागला. एकदा लीगच्या एका सामन्यात स्पोर्टिंग गिहोनविरुद्ध त्यानं सात गोल केले. त्याला बघायला येणारी गर्दी लेस कोर्ट्सच्या जुन्या मैदानात मावेना, आणि 1957 मध्ये कॅम्प नोऊ उभं राहिलं. मोठं मैदान बांधण्याची चर्चा तो यायच्या आधीपासूनची होती, पण घाई झाली ती त्याच्यामुळे, असं जुनी माणसं सांगायची. एखाद्यासाठी क्लबला घर बदलावं लागतं, यापलीकडे काय सांगायचं?

क्रायफचं नाव घेऊन तीन जणांनी स्वतंत्र पत्रं लिहिली आहेत. खेळाडू म्हणून बार्सिलोनात त्याची एकच लीग, 1974 ची. त्या हंगामात माद्रिदमध्ये जाऊन रेआलला 5-0 हरवलं हे खरं, पण एकच. मॅनेजर म्हणून मात्र सलग चार लीग आणि 1992 चा युरोपियन कप, आणि मुलं कशी घडवायची याची जी रीत त्यानं घालून दिली तिच्यातूनच पुढे मेस्सी, झावी, इनिएस्टा आले. दालग्लिशला मॅनेजरकीचे गुण दिले, मग क्रायफला का नको, असं विचारणार तुम्ही. दिले तरी मेस्सी पुढेच राहतो. दुसरा नंबर क्रायफचा घ्या आणि तिसरा कुबालाचा.

फिगोला बार्सिलोनाच्या यादीत घ्यायचं की नाही?

घ्यायचं, पहिल्या वीसांत. 2000 मध्ये तो रेआलला गेला आणि पुढे परत खेळायला आला तेव्हा मैदानात डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं, हे सगळं ठाऊक आहे. पण त्याआधीच्या पाच हंगामांतले क्रॉस काही त्यानं सोबत नेले नाहीत. आणि राग धरायचाच तर मायकेल लाउड्रपवरही धरा की. जानेवारी 1994 मध्ये बार्सिलोनानं रेआलला 5-0 हरवलं तेव्हा तो बार्सिलोनात होता. जानेवारी 1995 मध्ये रेआलनं बार्सिलोनाला 5-0 परत केलं तेव्हा तो रेआलमध्ये होता. त्याच्यावर कुणी काही भिरकावल्याचं ऐकिवात नाही. पासच तसे द्यायचा, माणसं विरघळायची.

ताई, तुमच्या मागच्या लेखात सगळी पुरुषांची नावं होती. मी आर्सेनलच्या महिला संघाची चाहती आहे. आमच्यातली सर्वांत मोठी कोण? मी केली स्मिथ म्हणते, मैत्रीण व्हिव्हियान मीडेमा म्हणते.

बरं झालं विचारलंस. डिसेंबर 1921 मध्ये इंग्लिश फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळू देऊ नये असा फतवा काढला आणि तो जवळपास पन्नास वर्षं टिकला. त्यामुळे बायकांच्या क्लबांचा इतिहास छोटा. तुमचा आर्सेनलचा संघच मुळी 1987 चा.

मीडेमाचे 125 गोल हा क्लबचा विक्रम, आणि ती निघून गेली 2024 मध्ये, त्यामुळे आठवण ताजी. मी तुझ्या बाजूनं आहे. केली स्मिथ चेंडू घेऊन वळायची तशी इंग्लंडमध्ये तोवर दुसरी कुणी वळत नव्हती. 2006-07 मध्ये आर्सेनलनं लीग, एफए कप, लीग कप आणि युएफा महिला कप, चारही जिंकले.

पण गंमत बघ. त्या युरोपियन फायनलच्या दोन्ही सामन्यांना केली स्मिथ नव्हतीच. सेमीफायनलला लाल कार्ड मिळालं होतं. समोर स्वीडनचा उमेओ, आणि त्यांच्याकडे साक्षात ब्राझीलची मार्ता. उमेओच्या मैदानावर इंज्युरी टाइममध्ये दोन्ही सामने मिळून एकमेव असलेला गोल कुणी केला? अ‍ॅलेक्स स्कॉटनं. राइट बॅक. परतीचा सामना 0-0.

निकाल तरीही केली स्मिथचाच. एक हंगाम म्हणजे सगळी कारकीर्द नव्हे, एवढं मीही समजते. फक्त त्या दोन सामन्यांत मार्ताच्या संघाला एकही गोल करू न देणारी गोलकीपर एमा बर्न होती, आणि तिच्या बाजूनं अजून एकही पत्र आलेलं नाही. पुढच्या अंकापर्यंत वाट बघते.